कॅसिओवर वाजते पावरी

खान्देशातल्या वरातीत एक गोष्ट ठरलेली असते. बँड चौकात थांबतो, मधोमध गोल मोकळा होतो आणि नागिनीची धून सुरू होते. नवरदेवाचा कुणी मित्र रुमालाचं टोक दातांत धरून त्याची पुंगी करतो, दुसरा तळहातांचा फणा काढून भर रस्त्यात लोळण घेतो. धून गारुड्याच्या पुंगीची आहे, अशी नाचणाऱ्याची आणि बघणाऱ्यांचीही खात्री असते. प्रत्यक्षात ती पुंगीवर वाजलेलीच नाही. १९५४ साली 'नागिन' हा चित्रपट आला, संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली बीन वाजवली ती कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतल्या थोरल्या भावाने. आणि त्यांच्यापुढे होतं क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य.

हे वाद्य कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये तयार केलं होतं. तीन सप्तकांच्या पट्ट्या, एका वेळी एकच सूर, आवाज बाहेर काढायला वेगळी पेटी आणि तो कमी-जास्त करायला गुडघ्याने दाबायची दांडी, असा त्याचा थाट. युरोपात ते नाचगाण्यांच्या वाद्यवृंदांत पियानोला जोडून वाजवत. १९६२ मध्ये 'टेलस्टार' या इंग्रजी धूनने ते घरोघरी पोचवलं आणि १९६७ मध्ये बीटल्सनीही एका गाण्यात वापरलं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत कल्याणजींनी त्यातून साप डोलवला होता.

म्हणजे जळगाव-धुळ्याच्या वराती गेली कितीतरी वर्षं एका इलेक्ट्रॉनिक सुरावर नाचत आहेत. बँडमध्ये विजेचं एकही वाद्य नव्हतं, तेव्हाही नाचत होत्या. आज खान्देशी बँड म्हटलं की कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मिक्सर, जनरेटर आणि चाकांवरची स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. हा बदल एका रात्रीत झाला नाही आणि नुसत्या फॅशनपायीही झाला नाही. यंत्र नवं आलं की खान्देशातल्या वाजवणाऱ्यांनी आधी त्याला जुन्या वाद्याच्या कामाला जुंपलं. त्या कामात यंत्राला जे जमलं आणि जे जमलं नाही, त्यातून इथला आवाज घडत गेला.

पितळ आणि भोंगा

बँडच्या आधी सनई होती, संबळ होता, डफडं आणि ढोल होते. गावगाड्यात वाजंत्र्यांचं काम ठरावीक जातींकडे असे. इंग्रजी लष्कराच्या बँडची नक्कल करत पितळी वाद्यं आधी संस्थानिकांकडे, मग शहरांतल्या लग्नांत आली. या वाद्यांचं मोठं केंद्र मेरठ. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची, आणि देशभरच्या लग्नांच्या बँडला ट्रम्पेट, युफोनिअम, ड्रम पुरवण्यात तिचं नाव आघाडीवर. खान्देशात कापसाच्या पेठा होत्या, भुसावळसारखं रेल्वेचं जंक्शन होतं, धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जात होता. पैसा होता, सिनेमाची थिएटरं होती आणि सिनेमातलं गाणं आपल्या लग्नात वाजावं ही हौस होती. लाल-निळा डगला, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे क्लॅरिनेट घेतलेला बँडमास्तर, हे दृश्य इथे लवकरच नेहमीचं झालं.

नागिनीची धून या बँडमध्ये क्लॅरिनेटवर वाजत असे. पुंगीची नक्कल विजेच्या पेटीने केली आणि त्या पेटीची नक्कल फुंकून वाजवायच्या वाद्याने, असा हा उलटा प्रवास होता. क्लॅरिनेटवाल्याला त्यात दम लागे. गाण्यातला सूर कुठेही न तुटता वळत जातो. रस्त्यावर उन्हात उभं राहून तो वळवत राहणं सोपं नव्हतं.

वीज वरातीत आली ती वाद्यातून नव्हे, भोंग्यातून. १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि भोंगे गावोगाव पोचले. हातगाडीवर बॅटरी, तिच्यावर ॲम्प्लिफायर आणि वर बांबूला बांधलेले दोन भोंगे, एवढी तयारी असली की बँडला गायक ठेवता येऊ लागला. लोकांना गाण्याचे शब्द ऐकू येऊ लागले आणि बँडची बिदागी गायकाच्या गळ्यावर ठरू लागली.

पण भोंग्याचा एक गुण, म्हटलं तर दोष, पुढच्या सगळ्या गोष्टीला कारण झाला. पत्र्याचा भोंगा मधला आणि वरचा आवाज लांबवर फेकतो, खालचा खर्ज मात्र त्यातून जवळजवळ येतच नाही. माणसाचा आवाज आणि टोकदार सूर त्याच्यातून शंभर पावलांवरही ऐकू येतात, ढोलाचा घुमारा येत नाही. म्हणून भोंगा आला तरी ढोलवाला गेला नाही. सूर विजेवर गेला आणि ठेका कातड्यावरच राहिला. खान्देशी बँडची ही वाटणी बरीच वर्षं टिकली.

सगळेच कॅसिओ

जपानच्या कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१, १९८० साली बाजारात आला. तोवर आपल्याकडे सिंथेसायझर हा मुख्यतः स्टुडिओचा ऐवज होता. मुंबईत केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या मोजक्या वादकांनी तो परदेशातून आणला होता आणि सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमात त्याचे आवाज ऐकू येऊ लागले होते. १९८२ मध्ये चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रं मांडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. ती चालली नाही. पुढे २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती नव्याने प्रकाशित केल्यावर जगभरातल्या जाणकारांनी कान टवकारले. कारण त्यांतल्याच एका यंत्राच्या गुरगुरणाऱ्या सुरावर शिकागोतल्या तरुणांनी १९८७ मध्ये ॲसिड हाउस नावाचा नवा प्रकार उभा केला होता, आणि मुंबईचा हा माणूस तसला आवाज त्याआधी पाच वर्षं काढून बसला होता.

ती यंत्रं वरातीच्या आवाक्यातली नव्हती. कॅसिओ होता. तो हलका होता, सेलवर चालत होता, आणि पडला-झडला तरी दुरुस्त होत होता. खान्देशात कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, मग तो यामाहाचा असो की रोलँडचा. वाजवणारा तो कॅसिओवाला.

स्वस्त कीबोर्डने एखाद्या प्रदेशाचं संगीतच बदलून टाकल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जमैकातलं. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये हिरोको ओकुदा या तरुणीने एक तयार ठेका बसवून ठेवला होता. १९८५ मध्ये वेन स्मिथ या गायकाने तोच वापरून एक गाणं केलं आणि जमैकाचं रेगे संगीत हातवाद्यांकडून यंत्राकडे वळलं. जमैकातही संगीत ऐकलं जात होतं ते रस्त्यावर उभ्या केलेल्या स्पीकरच्या भिंतींतून. किंग्स्टनचा चौक आणि अमळनेरचा चौक यांत समुद्रांचं अंतर असलं तरी गरज सारखीच होती: थोड्या माणसांत, थोड्या पैशांत, मोठ्या जमावाला नाचवणं.

कॅसिओ आल्यावर बँडचं गणित बदललं. पूर्वी सूर धरायला चार-सहा फुंकणारे लागत, आता एका माणसाचे दोन हात पुरत. युफोनिअम गेलं, मग ट्रम्पेट गेलं, आणि क्लॅरिनेटवाले बँडमास्तर एक तर कॅसिओ शिकले किंवा घरी बसले. कॅसिओ गळ्यात अडकवून चालणं जड, म्हणून तो हातगाडीवर बसला. हातगाडीचा पुढे छोटा टेम्पो झाला. पायी चालत वाजवणारा बँड आता बसून वाजवू लागला आणि माणसं त्याच्यापुढे नाचत चालू लागली.

श्वास न घेणारा सूर

मग या कॅसिओवर वाजवायचं काय? सिनेमातली गाणी तर होतीच. पण खान्देशच्या पश्चिमेला, साक्री-पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यात, एक वाद्य कॅसिओची वाट बघत असल्यासारखं होतं. ते म्हणजे पावरी.

पावरी कोकणा आदिवासींचं वाद्य. वाळवलेल्या दुधी भोपळ्याची पोकळी, तिच्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वारल्यांचा तारपा याच घराण्यातला. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो तेव्हा पावरी वाजते आणि तिच्याभोवती रात्र-रात्र फेर धरला जातो. वाजवणारा गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, तोंडाने फुंक चालूच ठेवतो. त्यामुळे सूर कुठेही थांबत नाही. मोजक्याच सुरांत, न तुटता, पुन्हा पुन्हा वळसे घेत चालणारं हे संगीत आहे. सोबतीला संबळ असला की पाय थांबत नाहीत.

क्लॅरिनेटला जे जड जात होतं ते कॅसिओला सहज जमलं, कारण कॅसिओला श्वासच घ्यायचा नसतो. पट्टी दाबून ठेवली की सूर चालू. सिंथेसायझरच्या टोकदार 'लीड' आवाजात पावरीचे वळसे वाजवले की ते भोंग्यातून लख्ख ऐकू येत. राहिला प्रश्न सुरांमधल्या घसरणीचा. पेटीच्या पट्टीवर सूर उडी मारून जातो, पावरीत तो घसरत जातो. त्यावर उपाय होता कीबोर्डच्या डाव्या बाजूचं छोटं चाक, ज्याला वाजवणारे 'बेंडर' म्हणतात. ते पुढे ढकललं की सूर चढतो, सोडलं की जागेवर येतो. अगदी स्वस्त मॉडेलांत बेंडर नसे. त्यामुळे जरा कमाई झाली की कॅसिओवाला बेंडरवाल्या कीबोर्डकडे वळे. आज खान्देशातल्या चांगल्या कॅसिओवाल्याचा डावा हात बघावा. तो साथीचे स्वर धरायला क्वचितच जातो, बहुतेक वेळ बेंडरवरच असतो.

'पावरी वाजवा' ही फर्माईश आता डोंगराखाली, जळगाव-एरंडोलच्या लग्नांतही होते. जे डोंगऱ्यादेवाच्या फेरात कधी उभे राहिले नाहीत, तेही पावरीच्या चालीवर नाचतात. नवापूरच्या बाजूला मावची आदिवासींच्या रोडाली गाण्यांचं असंच झालं, गुजरातच्या सीमेवरच्या टिमलीचंही. कीबोर्ड, पॅड आणि माइकवर पती-पत्नी किंवा मुलगा-मुलगी अशी गाणाऱ्यांची जोडी, असे बँड त्या पट्ट्यात उभे राहिले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. बँडवाल्यांच्या सुपाऱ्यांनी मात्र ती सीमा कधी मानली नाही.

अर्थात या प्रवासात काहीतरी सुटलंही. पावरीची प्रत्येक नळी हाताने घडवलेली, त्यामुळे दोन पावऱ्या कधी तंतोतंत एका स्वरात नसतात. कीबोर्डचा सूर कारखान्यात ठरतो आणि सगळीकडे तोच. पावरीला जत्रा आणि देव होता. कॅसिओवरच्या पावरीला वेळ नाही, काळ नाही, ती भर दुपारीही वाजते.

आठ रबरी चौकोन

ठेका कातड्यावर राहिला होता, तो यंत्रावर आणला ऑक्टोपॅडने. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला: चार-चारच्या दोन रांगांत आठ रबरी चौकोन, प्रत्येकावर काडी मारली की वेगळा आवाज. ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो आधी उचलला. नंतर आलेला एसपीडी-२० महाराष्ट्रातल्या बँड, ऑर्केस्ट्रा आणि भजनी मंडळांतही इतका रुळला, की 'पॅड' म्हटलं की तोच समजावा.

पॅडवाल्याची मांडणी जवळून पाहण्यासारखी असते. वरच्या रांगेत डावीकडे संबळाचा धाकटा, त्याशेजारी थोरला, मग हलगी, मग टाळी. खालच्या रांगेत ढोलाची थाप आणि टिपरी, ताशाचा कडकडाट, आणि एका कोपऱ्यात शिट्टी किंवा 'हुर्र' असा कुणाचा तरी साठवलेला आवाज. पायाखाली एक बटण, ते दाबलं की आठही चौकोनांचे आवाज एकदम बदलतात. पावरी संपून सिनेमाचं गाणं सुरू झालं, की तोच माणूस त्याच काड्यांनी ड्रमसेट वाजवू लागतो. हा ठेका हाताने वाजतो, यंत्राने आपोआप नाही. नाचणाऱ्यांचा जोर बघून पॅडवाला लय चढवतो, कुणी नोटा ओवाळायला लागला की चौकोनावर चार ठोके जास्तीचे पडतात.

एसपीडी-२० मध्ये कारखान्यातून आलेले आवाजच असत. २०११ मध्ये आलेल्या एसपीडी-एसएक्समध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज भरता येतो. मग खरा संबळ, खरी हलगी, गावातल्याच एखाद्या ढोलवाल्याचा ढोल मोबाइलवर किंवा स्टुडिओत रेकॉर्ड करून पॅडमध्ये उतरवला जाऊ लागला. यालाच या धंद्यात 'टोन टाकणं' म्हणतात. जपानी कंपन्यांनाही ही बाजारपेठ दिसली. यामाहाने भारतासाठी वेगळी पीएसआर-आय मालिका काढली, रोलँडने एक्सपीएस-१० सारख्या कीबोर्डमध्ये भारतीय वाद्यांचे आवाज दिले. तरीही कंपनीच्या सनईने खान्देशी कॅसिओवाल्याचं समाधान होत नाही. त्याला हवा असतो तो शेजारच्या तालुक्यातल्या नामांकित बँडचा टोन, आणि ती मंडळी तो सहजासहजी देत नाहीत. चांगला टोन विकत घ्यावा लागतो, नाही तर ओळखीवर मिळवावा लागतो.

लगीनसराईचे महिने म्हणजे खान्देशातला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि नवरदेवाचा परण्या निघतो तो नेमका दुपारच्या सुमारास. माणसं टोपी-उपरणं घेतात. कीबोर्डवरही छत्री धरलेली असते, मिक्सरवर ओला पंचा टाकलेला असतो आणि ॲम्प्लिफायरसमोर टेबलफॅन लावलेला असतो. यंत्र तापून बंद पडलं तर वरात थांबते, आणि वरात थांबली तर वधूपक्षाकडच्या मंडळींचा पाराही चढतो. म्हणून जाणत्या बँडवाल्याकडे ढोल-ताशा अजून गाडीत ठेवलेला असतो. लाइट गेली, जनरेटर रुसला, तर तोच उपयोगी पडतो.

अहिराणीचा बाजार

बँड जे वाजवत होता ते नव्वदच्या दशकात कॅसेटवर आणि पुढे सीडीवर येऊ लागलं. कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, हळदीची गाणी अहिराणीत रेकॉर्ड होऊ लागली. कॅसेट कंपनीला मुंबई-पुण्याबाहेरचा ग्राहक तोवर फारसा दिसलेला नव्हता. पण इथे घराघरात बोलली जाणारी भाषा होती आणि तिच्यात वाजवायला रेकॉर्डवरचं संगीत जवळजवळ नव्हतंच. जवळच्या मालेगावात हौशी कलाकारांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढण्याची चळवळ उभी केली होती, त्यांच्या खान्देशी विनोदी चित्रफितींनाही हाच प्रेक्षक मिळाला. मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं आणि सीडी मागे पडली.

यूट्यूबने मधले सगळे दलाल दूर केले. सचिन कुमावत यांचं, अण्णा सुरवाडे यांनी गायलेलं 'बबल्या इकस केसावर फुगे' हे गाणं महाराष्ट्रभर वाजलं. विनोद कुमावत यांचं 'हाई झुमका वाली पोर' तर अहिराणी न कळणाऱ्यांच्याही रिंगटोनमध्ये जाऊन बसलं. या गाण्यांचं संगीत कान देऊन ऐकलं तर त्यात बँड ओळखू येतो. सुरुवातीला टोकदार लीडवर वाजणारी छोटी धून, मग पॅडवरच्या ढोलाचा ठेका, कडव्यांच्या मध्ये पुन्हा तीच धून. चाल चार ओळींत लक्षात राहील इतकी आटोपशीर. स्टुडिओत संगणकावर रेकॉर्ड झालेलं असलं, तरी ते चौकात वाजवता येईल असंच बांधलेलं असतं. आणि चौकात ते वाजतंच. गाणं यूट्यूबवर चाललं की आठवड्याभरात बँडवाल्यांनी ते बसवलेलं असतं.

खर्जाचं राज्य

भोंग्याला खर्ज जमत नव्हता. डीजेला तोच जमतो. मोठे सबवूफर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर चढले आणि ढोलाचा घुमारा छातीत जाणवू लागला, तोही ढोलवाल्याशिवाय. इथे खान्देशी बँडला पहिल्यांदा खरा धक्का बसला. कॅसिओने फुंकणाऱ्यांना घरी बसवलं होतं, डीजेने वाजवणाऱ्या सगळ्यांनाच बसवायची तयारी केली. एक लॅपटॉप, एक माणूस आणि भाड्याची यंत्रणा एवढ्यावर भागू लागलं.

बँड टिकला, आणि त्यामागे थोडं कायद्याचंही देणं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, ते बहुधा सणांच्या वाट्याला जातात. या मर्यादा कॅसिओ-भोंग्याचा बँडही काही पाळतो असं नाही, ५५ डेसिबल म्हणजे जेमतेम दोन माणसांच्या गप्पा. पण पोलिसांची कारवाई होते तेव्हा नजर आधी सबवूफरच्या भिंतीकडे जाते. बऱ्याच बँडवाल्यांनी मग मधला मार्ग काढला. त्यांनी आपल्याच गाडीवर सबवूफर चढवले, पॅडचा ढोल त्यातून सोडला आणि वाजवणारी माणसं कायम ठेवली. आता खान्देशी बँडचा आवाज जाड झाला आहे. जुना टोकदार लीड अजून आहे, पण त्याच्याखाली जमीन हादरवणारा खर्ज आला आहे.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा बँडच्या गाड्या शेडमध्ये गेल्या. ऐन लगीनसराईत सुपाऱ्या परत झाल्या. कीबोर्डचे हप्ते मात्र थांबत नव्हते. त्या काळात अनेक वाजवणाऱ्यांनी शेतमजुरी केली, हातगाडीवर भाजी विकली. घरी असलेल्या कॅसिओवाल्यांपैकी काहींनी संगणकावर गाणी करायला घेतली. त्यांच्यासाठी ते अवघड नव्हतं, कारण टोन, लूप, ठेका या गोष्टी त्यांच्या हातात आधीपासून होत्या.

धानवडची जोडी

जळगाव जिल्ह्यातल्या धानवडच्या संजू राठोड याची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. तो लिहितो, चाल लावतो, गातो. त्याचा भाऊ गौरव, जो 'जी-स्पार्क' या नावाने ओळखला जातो, संगीत बांधतो. दोघा भावांची ही जोडी म्हणजे दोन माणसांचा इलेक्ट्रॉनिक बँडच. २०२२ मध्ये त्यांचं 'बाप्पावाला गाणं' आलं, त्यानंतर 'नऊवारी'. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या 'गुलाबी साडी'ने मात्र सगळे हिशेब बदलले. मराठी न कळणाऱ्यांनी देशभर त्यावर व्हिडिओ केले आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर ते गाणं झळकलं. २०२५ मध्ये आलेल्या 'शेकी'ने तो एका गाण्यापुरता चमत्कार नव्हता हे दाखवलं.

या गाण्यांत वाद्यं मोजकीच असतात. जगभरच्या पॉपमध्ये रुळलेला, किंचित अडखळत पुढे जाणारा ठेका, त्याच्याखाली गुबगुबीत खर्ज, वर एखादी चार-पाच सुरांची धून आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. ती मोकळी जागा गाण्यातल्या बोलण्यासाठी ठेवलेली असते. शब्द साड्या, टिकल्या, नखरे, लाडीक भांडणं यांचे. मराठी सिनेसंगीतात २०१६ च्या 'झिंगाट'पासून नाचाच्या गाण्यात दणका भरत गेला होता. अजय-अतुल यांच्या त्या गाण्यात वाद्यांची गर्दी होती. धानवडच्या भावांनी ती गर्दी काढून टाकली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही गाण्याचा प्रत्येक तुकडा सुटा ऐकू यावा, अशी ही बांधणी आहे.

भोंग्याने एकेकाळी टोकदार लीड निवडायला लावला. ट्रॉलीवरच्या सबवूफरने खर्ज आणला. मोबाइलच्या स्पीकरने आता गाणं सडसडीत केलं. खान्देशातून बाहेर पडणारा आवाज बदलत गेला त्यामागे, तो कुठून ऐकला जातो याचाही मोठा वाटा आहे.

अहिराणी बँडच्या परंपरेतून ही जोडी थेट आली असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. त्यांची गाणी प्रमाण मराठीच्या जवळ आहेत आणि त्यांचा कान आंतरराष्ट्रीय पॉपवर तयार झालेला दिसतो. तरी मुंबईतल्या मोठ्या संगीत कंपनीच्या दारात आयुष्य न घालवता, घरच्या माणसांत, यंत्रांवर, नाचण्यासाठीच संगीत करायचं ही रीत जळगाव-धुळ्याला नवी नाही. त्या रीतीने आधी चौक जिंकले होते.

आणि चौकात ही गाणी परत आलीच. 'गुलाबी साडी' गाजल्यानंतरच्या लगीनसराईत बँडच्या फर्माइशींत ते वर चढलं. मूळ गाण्यातला अडखळता ठेका पॅडवर बसवताना पॅडवाल्यांनी तो सरळ केला, कारण वरातीत नाचणाऱ्या काकांना अडखळता ठेका झेपत नाही. धून कॅसिओवर त्याच टोकदार लीडमध्ये वाजते, ज्यात पावरी वाजते, आणि डावा हात बेंडरवर असतो. न्यूयॉर्कच्या फलकापर्यंत गेलेलं गाणं एरंडोलच्या चौकात पावरीच्या वळणाने ऐकू येतं.

हळदीच्या रात्री डीजे आणि लग्नाच्या दिवशी परण्याला बँड, अशी विभागणी आता बऱ्याच घरांत होते. दोन्हींचा खर्च झेपत नसेल तर बँडलाच हळदीचंही सांगतात. पावसाळ्यात बँडच्या गाड्या शेडमध्ये उभ्या असतात. कीबोर्डच्या पट्ट्या बदलून घेतल्या जातात, घासून गुळगुळीत झालेलं पॅडचं रबर नवं बसवलं जातं, आणि गणपतीच्या मिरवणुकांत नवी गाणी तपासून घेतली जातात. तुळशीचं लग्न झालं की तारखा धरायला माणसं येऊ लागतात. त्याआधी कॅसिओवाल्याने यंदाचे टोन टाकून ठेवलेले असावे लागतात, कारण इसार देणारा माणूस पहिल्यांदा मोबाइलवर मागच्या वर्षीचा व्हिडिओ दाखवतो आणि त्यातला आवाज यंदा मिळेल का, असं विचारतो.